गावचा क्लब सोडला म्हणजे निष्ठा सोडली का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका वडिलांचा प्रश्न आला आहे. मुलगा सतरा वर्षांचा, आठव्या वर्षापासून गावच्याच क्लबात फुटबॉल खेळतो. आता किनाऱ्याकडच्या एका मोठ्या क्लबाने युवा संघासाठी तीन वर्षांचा करार पुढे केला आहे. गावातली जाणती माणसं म्हणतात, ज्या मैदानाने घडवलं त्याला पाठ दाखवू नये. मुलगाही म्हणतो, मला जन्मभर हीच जर्सी घालायची. वडिलांना कळत नाही की एकाच क्लबात आयुष्य काढणाऱ्याचं खरंच काही करिअर होतं का, आणि मुलाला पाठवलं तर आपण काही चुकीचं करतो का.

दादा, मी डिचोली तालुक्यात सव्वीस वर्षं मुलांना शिकवतो आहे. त्याआधी स्वतः खेळलो. असा प्रश्न घेऊन माझ्या सोप्यावर येऊन बसलेले बाप मी बरेच पाहिले. प्रत्येक वेळी उत्तर थोडं वेगळं असतं, कारण मूल वेगळं असतं. पण एक गोष्ट बदलत नाही, म्हणून ती आधी सांगतो. ज्यांना आपण एका क्लबाचे निष्ठावान म्हणून डोक्यावर घेतो, त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्याआधी कुठलं तरी छोटं मैदान सोडलेलं असतं.

इटलीतल्या रोमा क्लबाचा तोत्ती घ्या. पंचवीस हंगाम एकच जर्सी, ७८६ सामने, ३०७ गोल. निष्ठेचा विषय निघाला की त्याचंच नाव पुढे येतं. पण रोमात जाण्याआधी तो त्याच शहरातल्या छोट्या क्लबांतून खेळला होता. शेवटचा लोदिजानी. १९८९ मध्ये, तेरा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, तो रोमाकडे गेला. मिलान हा मोठा क्लबही त्याच्या मागे होता, त्याच्या आईने नाही म्हटलं. मुलगा घरापासून लांब जाऊ नये एवढंच त्या बाईच्या मनात असणार. लोदिजानीतही कुणीतरी त्याला पहिला ट्रॅप, म्हणजे बॉल पायात थांबवणं, शिकवला असेल, कुणीतरी त्याच्या बुटाची नाडी बांधून दिली असेल. त्या माणसाला तोत्तीने दगा दिला असं कुणी म्हणत नाही. इंग्लंडचा जेरार्डही लिव्हरपूलच्या अकादमीत जाण्याआधी घराजवळच्या मुलांच्या संघातच खेळायचा.

आपल्याकडे या. ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचे. गोव्याने देशाला दिलेला सर्वात मोठा गोलकीपर, भारताचा कर्णधार, १९९७ चा अर्जुन पुरस्कार, २०२२ ची पद्मश्री. वास्कोचा साळगावकर क्लब म्हटला की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर तेच उभे राहतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून नव्वदच्या तोंडापर्यंत ते त्याच गोलात उभे होते. पण साळगावकरकडे ते एका लहान क्लबातून आले, आणि नंतर चर्चिल ब्रदर्सकडूनही खेळले. मधली जवळजवळ सतरा वर्षं एका क्लबाची. त्यांना कुणी घरभेदी म्हणालेलं मी ऐकलं नाही.

म्हणून तुमच्या गावातल्या जाणत्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मैदानाने घडवलं हे खरं. पण त्याचं देणं तिथेच खिळून राहून फेडायचं असतं, हे खरं नाही.

आता करिअरचं. एका क्लबात आयुष्य जायला त्या क्लबाकडे तळापासून वरपर्यंत शिडी असावी लागते. रोमात तोत्तीला ती होती. पंधराखालच्या संघापासून चॅम्पियन्स लीगपर्यंत सगळं एका छपराखाली. बचावपटू मालदिनीला मिलानमध्ये होती, दहाव्या वर्षी आत गेला आणि ९०२ सामने खेळून बाहेर पडला. ब्रह्मानंदांच्या काळात साळगावकरकडेही होती. १९८८ आणि १९८९, सलग दोन वर्षं या क्लबाने फेडरेशन कप गोव्यात आणला. क्लब कंपनीचा, खेळाडूला कंपनीत नोकरी, सकाळी सराव, दुपारी ऑफिस, आणि वास्कोत राहून देशासाठी खेळता यायचं. गोव्याच्याच धेंपो क्लबाकडे तर ती शिडी आम्ही डोळ्यांनी पाहिली. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं. क्लिफर्ड मिरांडाने कारकिर्दीचा मोठा भाग तिथेच काढला. समीर नाईकनेही. त्यांना वर चढायला गोवा सोडावा लागला नाही.

मग २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब दी गोवा हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, बाहेर पडले. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, तिला देशाची सर्वात वरची लीग करायचा बेत होता, त्यात जुन्या क्लबांना जागा उरत नव्हती. त्यांचा निषेध मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. पण आमच्या मुलांसाठी त्याचा अर्थ असा झाला की शिडीच्या वरच्या पायऱ्या एका रात्रीत काढून घेतल्या गेल्या. त्या वर्षी माझ्याकडे एकोणीस-वीस वर्षांची चार मुलं होती, धेंपोत जायचं स्वप्न बघणारी. त्यांना काय सांगावं मला सुचेना. धेंपो परत आय-लीगमध्ये आला तो २०२३-२४ च्या आय-लीग २ या खालच्या डिव्हिजनमधून, समीर नाईकच प्रशिक्षक असताना. याला मी निष्ठा म्हणतो. खेळून झाल्यावर परत येऊन पडलेलं घर उभं करणं.

गोव्याचा डावा बॅक मंदार राव देसाई, त्याचंही आठवतं. एफसी गोवाच्या २०१४ च्या पहिल्या हंगामापासून तो होता. सहा वर्षं खेळला, कर्णधार झाला, २०२० मध्ये साखळी फेरीत पहिल्या येणाऱ्या संघाची लीग शील्ड घेतली आणि मग मुंबई सिटीला गेला. मुंबईकडून त्याचा पहिला हंगाम कोविडमुळे सगळाच गोव्यात झाला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टीवर हरवलं, आणि मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना जिंकला. आपल्याच अंगणात आपलाच पोर दुसऱ्याच्या संघातून चषक घेतो, हे पाहून त्या दिवशी आमच्या चहाच्या हॉटेलात बरीच बोलाबोली झाली. मी तेव्हा म्हणालो, आताही म्हणतो: अठ्ठाविसाव्या वर्षी डाव्या बॅकला तसा करार पुन्हा मिळत नाही. सहा वर्षं त्याने जीव तोडून दिली होती. निष्ठेचा हिशोब दिलेल्या वर्षांवर मांडायचा. शेवटी कुठे गेला यावर मांडला तर फार थोडे खेळाडू पास होतील.

पण तुमचा मुलगा म्हणतो तेही मी हलकं धरणार नाही. सतराव्या वर्षी "जन्मभर हीच जर्सी" म्हणणारा मुलगा मला आवडतो. अशाच एकाची गोष्ट सांगतो, कारण गावच्या क्लबात राहूनही करिअर होतं, फक्त ते कसलं असतं हे आधी कळायला हवं.

हा माझ्याकडे बाराव्या वर्षी आला. सतराव्या वर्षी पहिल्या संघात, डाव्या बगलेवर. पळायचा असा की प्रतिस्पर्ध्यांचा बॅक पहिल्या वीस मिनिटांतच कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. तेविसाव्या वर्षी गुडघ्यातली गादी फाटली. शस्त्रक्रिया झाली, परत आला, पण ते पहिलं पाऊल गेलं ते गेलंच. मी त्याला मागे घेतलं. आधी डावा बॅक, मग तिशीत स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. पहिले सहा महिने तो माझ्यावर रागावला होता. सरावाला यायचा, बोलायचा नाही.

स्टॉपर म्हणून तो काय शिकला ते तुमच्या मुलालाही उपयोगी पडेल. कॉर्नरच्या वेळी तो बॉलकडे बघायचाच नाही. अर्धा वळून उभा राहायचा, उजव्या हाताची मागची बाजू फॉरवर्डच्या कमरेला टेकवून. धरायचं नाही, फक्त टेकवायचा. डोळे कॉर्नर घेणाऱ्याच्या पायावर, आणि फॉरवर्ड कुठे निघाला हे हाताला कळायचं. उडी मारायच्या आधी माणूस गुडघे वाकवतो, कंबर दोन बोटं खाली जाते. त्या दोन बोटांवर तो उडायचा. त्याच्यापेक्षा वीतभर उंच मुलांना त्याने वर्षानुवर्षं हेडर मारू दिला नाही. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. एकाच मैदानावर, त्याच पश्चिमेकडच्या कोपऱ्यात शेकडो कॉर्नर अडवून त्याने ते स्वतः शोधलं. संध्याकाळी त्या कोपऱ्यातून ऊन थेट डोळ्यांत येतं, बॉल दिसतच नाही. म्हणून हाताने बघायला शिकला.

मोठ्या मंचावरही तेच होतं. तोत्ती पंचवीस वर्षं एकाच जागी खेळला नाही. फॉरवर्डच्या मागे खेळणाऱ्याला प्रशिक्षकाने तिशीकडे झुकताना सर्वात पुढे ढकललं, आणि २००६-०७ मध्ये २६ गोल करून त्याने युरोपचा गोल्डन शू हा गोल करणाऱ्यांचा पुरस्कार मिळवला. एका क्लबात टिकणारा खेळाडू दर चार-पाच वर्षांनी नवा व्हावा लागतो. जो क्लब बदलतो त्याला नवेपण बाहेरून मिळतं. जो राहतो त्याला ते आतून काढावं लागतं, आणि ते जास्त कठीण आहे.

आमच्या स्टॉपरचं पुढचं सांगतो. तो खाणीवर कामाला होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, टिपर घरासमोर उभे राहून गंजले, आमच्या भागातल्या निम्म्या घरांत चूल कशी पेटणार हा प्रश्न होता. त्याच वर्षी दुसऱ्या तालुक्यातल्या एका क्लबाने त्याला सामन्यामागे रोख पैसे देऊ केले. पंचवीस वर्षांचा, लग्न ठरलेलं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, सर, जाऊ का? मी जा म्हणालो. मनातून वाईट वाटत होतं, पण त्याला थांब म्हणायचा अधिकार मला नव्हता. आमच्या समितीतल्या एका गृहस्थांना हे कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला स्वतःच्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला लावलं. पगार फार नव्हता, पण दर महिन्याच्या एक तारखेला मिळायचा, आणि सरावाच्या दिवशी पाच वाजता सुट्टी. तो राहिला. एकोणीस हंगाम खेळला. शेवटची दोन वर्षं फक्त दुसऱ्या हाफात उतरायचा. पण सामन्याच्या दिवशी सर्वांच्या आधी येऊन चुन्याच्या रेषा तोच ओढायचा, दोरी धरून, गुडघा जपत.

त्याच्या निष्ठेबद्दल गावात सगळे बोलतात. हार्डवेअरच्या दुकानाबद्दल कुणी बोलत नाही. मला ते दुकान तितकंच महत्त्वाचं वाटतं. खेळाडूने राहायचं आणि क्लबाने त्याच्यासाठी काहीच करायचं नाही, याला निष्ठा म्हणणं बरोबर नाही. मालदिनी ९०२ सामने खेळला, आणि २००९ मध्ये सान सिरोवरच्या त्याच्या शेवटच्या सामन्यात स्वतःच्याच काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तोत्तीलाही शेवटच्या काळात बाकावर बसावं लागलं. त्याबद्दल टीव्हीवर बोलला म्हणून प्रशिक्षकाने एका सामन्याआधी घरी पाठवलं. दोन महिन्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, तोरिनोविरुद्ध शहाऐंशीव्या मिनिटाला मैदानात आला आणि तीन मिनिटांत दोन गोल करून हरलेला सामना जिंकून दिला. एवढ्या मोठ्या माणसांना शेवट गोड मिळेलच याची खात्री नसते. गावच्या मुलाला कोण देणार? म्हणून त्याची सोय आधीच बघायची. शिक्षण, नोकरी, आणि खेळ थांबल्यावर क्लबात त्याची जागा काय.

एक गोष्ट मला सांगावीच लागेल. २००६ साली माझ्याकडे एक मिडफिल्डर होता, अठरा वर्षांचा. त्याला वरच्या डिव्हिजनच्या क्लबाचं बोलावणं आलं. आमचा संघ त्या वर्षी वर चढायच्या जवळ होता. मी समितीला सांगितलं की एनओसी एक हंगाम थांबवू, पुढच्या वर्षी देऊ. मुलगा काही बोलला नाही, वडीलही नाहीत, माझा मान ठेवला. आम्ही वर चढलो नाही. पुढच्या वर्षी त्या क्लबाला दुसरा मिळाला होता. मुलाने दोन वर्षांत खेळणं सोडलं. बाजारात भेटतो, अजूनही "सर" म्हणतो. त्याचं एक वर्ष मी निष्ठेच्या नावाखाली घेतलं, आणि ते मी परत देऊ शकत नाही. तेव्हापासून आमच्या क्लबात अठराखालच्या कुठल्याही मुलाची एनओसी मी चोवीस तासांपेक्षा जास्त थांबू दिलेली नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. तुमचा क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये आहे, मुलगा पहिल्या संघात नियमित खेळतो, म्हणजे तिथलं त्याचं शिकणं बरंचसं झालं. त्याला जाऊ द्या. पण एका अटीवर: तिथे त्याला खेळायला मिळालं पाहिजे. सतरा ते वीस या वयात नव्वद मिनिटं मैदानावर घालवणं याला दुसरा पर्याय नाही. मोठ्या क्लबाचा ट्रॅकसूट घालून बाकावर बसलेली बरीच मुलं मी एकविसाव्या वर्षी परत आलेली पाहिली, आणि ती आधीपेक्षा हळू झालेली होती. त्यांच्या प्रशिक्षकाला थेट विचारा: या जागेवर तुमच्याकडे आणखी किती मुलं आहेत, आणि गेल्या हंगामात युवा संघातून पहिल्या संघात किती जण गेले? जो आकडा सांगतो त्याच्याशी पुढे बोला. जो "बघू, मेहनत करू दे" म्हणतो, त्याच्याकडून सही करण्याआधी आणखी एकदा भेट मागा.

कागदाचं. तीन वर्षं ही अठराखालच्या खेळाडूसाठी फिफाच्या नियमातली कमाल मुदत आहे, त्यापेक्षा लांब करार चालत नाही. म्हणजे त्यांनी तुम्हाला शेवटच्या टोकाची मुदत देऊ केली आहे. मी असतो तर आधी एक किंवा दोन वर्षं मागितली असती. करारात दुखापतीचा खर्च कोण करणार हे शब्दांत लिहिलेलं हवं. गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर परत यायला नऊ महिने सहज लागतात, त्या काळात मानधन चालू राहणार की नाही, फिजिओ कोण देणार. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळेल हेही लिहून घ्या, तोंडी आश्वासन फेब्रुवारीत कुणाला आठवत नाही. आणि करार संपायला सहा महिने राहिले की दुसऱ्या क्लबाशी बोलायचा हक्क खेळाडूला असतो, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

गावच्या क्लबाच्या दुखण्यावरही औषध आहे, आणि ते भावनेपेक्षा कामाचं आहे. मुलाची नोंदणी आठव्या-दहाव्या वर्षापासून फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, बरोबर झालेली आहे का ते समितीला तपासायला सांगा. मुलाने पहिला व्यावसायिक करार केला की त्याला घडवणाऱ्या क्लबाला प्रशिक्षणाची भरपाई मिळायची तरतूद नियमांत आहे. पुढे कधी परदेशी क्लबाने पैसे मोजून घेतलं, तर त्या रकमेच्या पाच टक्के बारा ते तेवीस या वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. हे मिळायला कागद लागतात. आमच्यासारख्या क्लबांत वह्या असतात, त्याही पावसात भिजलेल्या, आणि मग आपण मुलाला कृतघ्न म्हणतो. जाणत्या मंडळींनी एक रविवार या नोंदींवर बसावं. मुलावर राग धरण्यापेक्षा क्लबाचं त्यात जास्त भलं आहे.

जाताना मुलाने गुपचूप जाऊ नये. शेवटच्या सरावाला यावं, जाळी बांधायला हात लावावा, ज्या सरांनी शिकवलं त्यांना घरी जाऊन सांगावं. मे महिन्यात सुट्टीला आला की लहान मुलांबरोबर एक संध्याकाळ खेळावं. पण कापणीनंतर शेतात होणाऱ्या स्पर्धांत पाहुणा खेळाडू म्हणून पैशांसाठी उतरू नये. करारातला मुलगा तिथे ढेकळांत पाय मुरगाळून घेतो आणि दोन्हीकडून जातो. गावासाठी खेळायचं असलं तरी आधी क्लबाची लेखी परवानगी घ्यावी.

आमचा तो स्टॉपर आता अडतीस वर्षांचा आहे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी तेराखालच्या मुलांना शिकवतो. मागच्या आठवड्यात एका मुलाला पश्चिमेच्या कोपऱ्यात उभं करून डोळे मिटायला लावले होते, हात फक्त पाठीमागच्या मुलाच्या कमरेला टेकवलेला. दोन बोटं खाली गेली की उडी. तुमच्या मुलाला सही करण्याआधी एका शनिवारी साडेचारला घेऊन या. कराराची प्रतही आणा, सगळी पानं, मागच्या बाजूला छापलेल्या अटींसकट.